लाल नळ थंड पाण्याचा

आधीच सांगतो, मला लिहायची हौस नाही. चौथीत शाळा सोडली, ती परत तिकडे बघितलं नाही. पण माझा मुलगा नीलेश हात धुऊन मागे लागलाय. "बाबा, दुबईच्या आठवणी लिहा. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापतो. डॉक्टरनी सांगितलंय, लिहिलं की डोकं चालू राहतं!" माझं डोकं चालूच आहे. बंद कुणाचं आहे ते शेवटी सांगतो.

दुबईत वाळूचं वादळ झालं की दाराच्या फटीतून वाळू आत यायची. झाडून काढा, पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चहात, उशीत, दातांत! किस्से तसेच साचतात. आता नीलेशकडे, परदेशातल्या नावन गावच्या या ओल्या घरात बसलोय, तरी दातांत कचकच आहेच.

*

मी सेंटरिंगचा सुतार, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे ठोकणारा. कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या खोलीत मराठी आम्ही तिघे. अब्दुलभाई रत्नागिरीकडचा, कंपनीची बस चालवायचा. शशा, म्हणजे शशिकांत रेडकर, मालवणकडचा. हेल्पर म्हणून आला आणि इंग्रजी येतं म्हणून हजेरी लिहिणारा टाइमकीपर झाला. तिसरा मी. मला नावाने कुणी हाक मारली नाही, सगळ्यांचा मी 'सुतार'.

अब्दुलभाई सगळ्यात जुना. तो विमानाने नाही, लाँचने आलेला. लाँचवाल्याने किनाऱ्यापासून लांबच उतरवलं. डोक्यावर ट्रंक घेऊन छातीएवढ्या पाण्यातून चालत हा माणूस दुबईत शिरला. तेव्हा गाव म्हणजे खाडी, खाडीकाठची घरं, त्यांच्यावर वारा पकडायचे मनोरे आणि मागे झावळ्यांच्या झोपड्या. बाकी वाळू.

तो सांगायचा, त्याच्याही आधी इथे मोती काढायचे. गडी नाक दाबून समुद्राच्या तळाला जायचा. मोती शेठचा, फुटलेले कान गड्याचे.

शशा म्हणाला, "बरं झालं, बंद झालं ते."

अब्दुलभाई म्हणाला, "बंद कुठे झालं? तेव्हा खाली पाठवायचे, आता वर पाठवतात!"

दुसऱ्या दिवशी मी सतराव्या मजल्यावर फळ्या ठोकत होतो. कानात वारा घुसला आणि मला त्याचं बोलणं आठवलं. हसू नाही आलं.

*

त्या गावाला काल नावाची गोष्टच नाही. एक राउंडअबाउट होता, मध्ये माशांचं कारंजं. तो उखडून टाकला. तरी टॅक्सीवाले वर्षानुवर्षं म्हणत राहिले, "मच्छीवाला राउंडअबाउट?" नवीन आलेला माणूस खिडकीतून मासे शोधत बसायचा. अब्दुलभाई तर सगळे पत्ते मेलेल्या गोष्टींवरून द्यायचा. "जिथे बेकरी होती तिथून डावीकडे, जिथे मशीद होती तिथे थांब."

इथे नावनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात दवाखाना शोधत होतो. रस्त्यात एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पब होता तिथून वळा. कुठे आहे पब? तर म्हणे, तो लहान असतानाच बंद झाला! नीलेश डोक्याला हात लावून उभा राहिला.

मला लगेच सापडला दवाखाना.

*

एकदा फोरमनने नवीन साइटवर पाठवलं. गाडीतून उतरलो आणि पाय थांबले. ओळखीची बिल्डिंग! तिचं सेंटरिंग मीच केलेलं. जिन्याखाली माझ्या पेन्सिलीच्या खुणासुद्धा तशाच. म्हटलं, काही दुरुस्ती असेल.

फोरमन म्हणाला, "दुरुस्ती कसली? पाडायची. मोठी बांधायचीय."

पाडली. संध्याकाळी शशाने विचारलं, "वाईट वाटलं का रे?"

मी म्हटलं, "वाईट कसलं? गावाकडे मी कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं. ते अजून उभं आहे."

*

आता नळाचा किस्सा. हा नीट वाचा, पुढे लागणार आहे.

तिकडे उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या गच्चीवर तापतात. थंड पाण्याच्या निळ्या नळाखाली हात धरलात तर कातडी सोलून निघेल. मग काय करायचं? उन्हाळा आला की गीझर बंद करायचा. गीझर असतो आत, सावलीत. त्यात भरलेलं पाणी पडून पडून निवतं आणि लाल नळातून येतं. म्हणजे थंड पाणी लाल नळाला, कढत पाणी निळ्या नळाला! आंघोळ, चूळ, प्यायला पेलाभर पाणी, सगळं लाल नळाचं. हे कुणी शिकवत नाही, एकदा भाजलं की हात आपोआप शिकतो.

शशा नवीन आला तो भर जूनमध्ये. अंगाला साबण लावायच्या आधी शहाण्याने गीझरचं बटण दाबलं. सगळी खोली कामावरून घामाने निथळत आली, तर दोन्ही नळांना उकळतं पाणी! अब्दुलभाईने शिक्षा दिली, आठवडाभर सगळ्यांचा स्वयंपाक शशाने करायचा.

आठवड्याने अब्दुलभाईच हात जोडून म्हणाला, "शशा, तुला माफ केलं. आता स्वयंपाक थांबव, आम्हाला जगायचंय!"

त्यानंतर दर उन्हाळ्यात गीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावायचं काम शशाकडे. कुणी हात लावला तर अंगावर धावून जायचा.

*

अब्दुलभाई गेला तो जेवणानंतर. बस सावलीत लावली, सीटवर मान टेकली, ती उचललीच नाही.

गावी न्यायचं ठरत होतं, पण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "मला इथेच ठेवा. या गावात माझं म्हणून काही तरी राहू दे." त्याला वाळूत पुरला. शशा आणि मी मागे उभे होतो, तर त्यांच्या लोकांनी हात धरून पुढे आणलं. आम्ही दोघांनीही माती दिली. तिथे कबरीवर नाव नसतं. नुसता दगड. सगळे दगड सारखे.

ती जागा कुठे, ते मी इतक्यात लिहिणार नाही. मी घरीदारी कुणालाच सांगितलेलं नाही. दोघांना ठाऊक आहे, मला आणि शशाला. त्या गावाने मासे ठेवले नाहीत, माझी बिल्डिंग ठेवली नाही. अब्दुलभाई राहिलाय तो आमच्या दोन डोक्यांत.

पुढे शशा नोकरी सोडून गेला आणि गायब झाला.

*

या गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये प्रसाद घेत होतो. समोर शशा! केस पांढरे, अंगात कोट, पण तीच वाकडी मान. मुलगी लिमरिकला डॉक्टर आहे, तिच्याकडे आलेला. मी हातातल्या प्रसादासकट धावलो.

"शशा! अरे, अब्दुलभाईचा दगड बघायला गेलास का रे कधी परत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मुलीकडे, जावयाकडे, जावयाच्या आईकडे. आणि मला म्हणाला, "आजोबा, तुमची काही तरी गल्लत होतेय. मी पुण्यात बँकेत होतो. दुबई मी पाहिलेलीसुद्धा नाही."

आजोबा! माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे तो!

लोक हसले. कुणी तरी म्हणालं, "होतं हो या वयात." नीलेशने माझ्या दंडाला धरलं आणि गाडीत नेऊन बसवलं. वाटेत एकच वाक्य बोलला, "बाबा, उगाच लोकांना त्रास देऊ नका."

*

मग घरात माझ्यावर पहारा सुरू झाला. घाई झाली की माझा हात अजून लाल नळाकडेच जातो. पेला भरतो, वाफ येते, मग लक्षात येतं. नात ओरडते, "आजोबा, दॅट्स द हॉट वन!" पोरीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथलं इंग्रजी. त्याआधी जूनमध्ये सूनबाईला पाणी तापवायचा इमर्शनही बंद केलेला सापडला होता. तो मीच केला होता, उन्हाळा आला म्हणून.

नळ, इमर्शन आणि हॉलमधला प्रकार, सगळ्याची बेरीज करून नीलेशने मला मेमरीच्या डॉक्टरकडे नेलं. मी गाडीत सगळं समजावलं, टाकी, गीझर, चिकटपट्टी. तो म्हणाला, "हो बाबा, हो." लहान मुलाला म्हणतात तसं.

डॉक्टरीणबाई चांगली होती. सूनबाई तिचं बोलणं मराठीत सांगत होती.

"आत्ता कुठला ऋतू आहे?"

मी खिडकीतून बघितलं. पाऊस, वारा, मध्येच ऊन, परत पाऊस. म्हटलं, "बाई, तुम्हाला तरी माहीत आहे का?"

बाई हसली. नीलेश हसला नाही. तो तिला हळूच इंग्रजीत म्हणाला, बाबांना कधी न भेटलेली माणसं आठवतात. माझी शाळा चौथी, पण तेवढं इंग्रजी दुबईने शिकवलंय.

त्या दिवशी पहिल्यांदा मलाच शंका आली. नसेलच का अब्दुलभाई? हे लिहितानाही हात थांबला इथे.

*

गेल्या रविवारी दुपारी सूनबाईने शशाच्या लिमरिकच्या मुलीला जेवायला बोलावलं. बरोबर शशा. माझ्यासमोरच बसला. मान खाली, माझ्याकडे बघेना. मीही ताटातच बघत जेवत राहिलो. नीलेशने आधीच बजावलं होतं, "बाबा, प्लीज हं!"

मटण झणझणीत झालं होतं. शशाला दुसऱ्याच घासाला ठसका लागला. डोळ्यांत पाणी, तोंड लाल, श्वास मिळेना. टेबलावरचा जग रिकामा. तो तसाच उठला, सिंकपाशी धावला, पेला उचलला, आणि सरळ लाल नळ सोडून घटाघटा प्यायला.

"आई गं!" पेला सिंकमध्ये.

नात ओरडली, "दॅट्स द हॉट वन!"

नीलेश उभा राहिला. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. "काका, तुम्हीपण?"

मी उठलो. निळ्या नळाचं पाणी भरून शशाच्या हातात दिलं. प्यायला. ओठ पुसले. म्हणाला, "वय झालं हो." आणि परत जेवायला बसला. त्याची मुलगी म्हणाली, "पपा, डोळे उघडे ठेवत जा!" सगळे हसले. नीलेश थोडा उशिरा हसला आणि भाताचं भांडं पुढे सरकवलं.

निघताना मी पाऊस असूनही गाडीपर्यंत गेलो. सगळे आत बसले होते. शशाच्या बाजूची काच अर्धी खाली आली आणि तो हळूच म्हणाला,

"तो दगड बोरीच्या झाडाखाली ना रे, सुतारा? भिंतीच्या कडेला?"

मी मान हलवली. त्याने कोटाच्या आडच हात जोडले. काच वर गेली.

शशाचा माझा हिशोब मिटला. माफी यायची आहे ती एकाच माणसाची. या अंकाचा संपादक म्हणून पहिल्या पानावर नाव छापलंय, तो. नीलेश.