लांडग्यांची वकिली करणारे सर

वरच्या गावानं आमच्या सरांना फसवलं. हे असं सरळ लिहितो, कारण गेल्या हिवाळ्यापासून जो तो ही गोष्ट फिरवून सांगतो आहे. कुणी म्हणतं गैरसमज झाला, कुणी म्हणतं सरांनाच व्यवहार कळत नाही. सरांना व्यवहार कळत नाही हे खरंच आहे. अख्ख्या बालाघाटाच्या डोंगरात दोन पायांवर चालणारा इतका भोळा प्राणी दुसरा नसेल. पण भोळ्याला फसवलं तर ती फसवणूक धरत नाहीत, असं कुठं लिहून ठेवलंय? येरमाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं मंडपाचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. दुसऱ्यांच्या लग्नात खुर्च्या उचलून उचलून मी ते उभं केलं. घासाघीस हे माझं रोजचं जेवण, आणि डोकं तापायला मला काडी लागत नाही. तेव्हा फसवणूक कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवू नये.

सर तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. निवृत्त माणसं लेकीकडं पुण्याला जातात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. सरांनी जुनी स्कूटर घेतली आणि डोंगरातल्या गावागावात जंगली जनावरांवर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. कुणी बोलावलेलं नव्हतं. लांडगा, तरस, खोकड, घोरपड, घुबड, ज्यांचं नाव घेतलं की माणसं थुंकतात किंवा दगड शोधतात, त्या सगळ्यांचं वकीलपत्र या माणसानं आपणहून घेतलं होतं. स्पीकर भाड्यानं घ्यायला ते पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा मी रीतीप्रमाणं चढा भाव सांगितला आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्या घासाघिशीची वाट बघत उभा राहिलो. सर म्हणाले, "मालक, दोन लांडगे भांडतात ना, तेव्हा हरणारा उताणा पडतो, पोट उघडं टाकतो. जिंकणारा त्याच क्षणी थांबतो. चावत नाही." एवढं बोलून ते माझ्याकडं असे विश्वासानं बघत राहिले की मी मुकाट्यानं स्पीकर टेम्पोत ठेवला आणि वर स्वतःच टेम्पो घेऊन निघालो. भाड्याचं नावसुद्धा काढलं नाही. माझ्या धंद्यात असा हरलो तो पहिल्यांदाच, आणि पुढं दर व्याख्यानाला हरत गेलो.

त्यांच्या जेवणाच्या डब्यात जेवण कमीच असायचं. एका कप्प्यात साळिंदराचे काटे, दुसऱ्यात घुबडानं ओकलेल्या उंदराच्या हाडांच्या गोळ्या, तिसऱ्यात तरसाची विष्ठा. तरस हाडं पचवतो म्हणून ती खडूसारखी पांढरी आणि कोरडी असते, आणि हे लोकांना हात लावून कळावं अशी सरांची फार इच्छा. एका बचत गटाच्या बैठकीत त्यांनी ती फिरवायला दिली. बायका हातोहात मागं देत गेल्या, आणि शेवटच्या ओळीतल्या म्हातारीनं ती कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधली. सर माईकवरूनच ओरडले, "आजी, तो अंगारा नाही!" म्हातारी म्हणाली, "असू द्या हो. तुमी एवढ्या लांबून आणलाय." सरांनी तिच्याकडून परत मागितली नाही. मला म्हणाले, "आजवर एवढा मान तरसाला कुणी दिलाय?"

पुढं ते माझ्या मंडपाच्या लग्नांनाही यायला लागले, आणि तिथं त्यांना माईकपासून लांब ठेवणं हे माझं वेगळं काम होऊन बसलं. एकदा नवरीकडच्या मंडळींची गाडी जळकोटजवळ बंद पडली आणि मुहूर्त लांबला. मंडळी कंटाळलेली बघून सरांनी माईक उचलला, आणि कोळ्याची मादी मीलन झाल्यावर नराला कशी खाते, आणि तरीही नर तिच्याकडं किती जपून, किती नटून जातो, हे बोहल्याशेजारी उभं राहून रंगवून सांगितलं. नवरदेवाचा चेहरा मुंडावळ्यांच्या आड पांढरा पडत गेला. त्याचा मामा माझ्या कानाशी लागला, "ह्यो माणूस पोरीकडचा हाय का पोराकडचा?" सरांनी ते ऐकलं. "मी कोळ्याकडचा," ते म्हणाले.

पण त्यांचं खरं नाव झालं ते दहाव्याच्या घाटावर. एका घरी कावळा पिंडाला शिवेना. पोरं हात जोडून म्हाताऱ्याला शब्दावर शब्द देत होती, धाकट्याचं लग्न करू, विहिरीचा वाटा देऊ, बहिणीला दिवाळीला आणू. कावळा बाभळीवर बसून ऐकत होता. सर म्हणाले, "सगळे मागे सरा. पाठ करून बसा. कावळ्याला माणसाची नजर कळते, तुम्ही बघताय म्हणून तो येत नाही." सगळे पाठ फिरवून बसले आणि कावळा आला. तेव्हापासून पंचक्रोशीत दहावा असला की सरांना बोलावणं यायचं. सर आनंदानं जायचे, कारण कावळा येईपर्यंतच्या वेळात त्यांना कावळ्याच्या बुद्धीवर बोलता यायचं. लोकांच्या ध्यानात मात्र कावळ्याची बुद्धी राहिली नाही. त्यांच्या ध्यानात एवढंच राहिलं की सरांना जनावर हवं तिथं आणता येतं. मी हे सरांना हसत हसत सांगितलं होतं. तेही हसले होते.

एवढी व्याख्यानं झाली, पण सरांची एक भूक भागत नव्हती. भाषण संपलं की ते माईक पुढं धरून म्हणायचे, "काही प्रश्न?" आणि समोर सगळं गप्प. फार तर कुणीतरी विचारायचं, "जेवण हितंच हाय का शाळेत?" मी वायर गुंडाळायला लागलो की सर हात दाखवायचे, थांबा मालक, कुणीतरी विचारेल. मग रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांसमोर ते उभे राहायचे. परतीच्या वाटेवर म्हणायचे, "मालक, टाळ्या कुणीही वाजवतं. एका माणसानं एक खरा प्रश्न विचारला ना, की समजावं, लांडग्याला त्याच्या डोक्यात जागा मिळाली." मी म्हणायचो, जागेचे भाव वाढलेत सर. त्यांना विनोद कळायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात वरच्या गावाचे सरपंच स्वतः मोटरसायकलवर खाली आले. वरचं गाव म्हणजे डोंगराच्या माथ्यावर, खाली दरी, दरीत करवंदीच्या जाळ्या. त्या दरीत लांडग्याच्या मादीनं पिल्लं घातली होती आणि गावातल्या शेळ्या जायला लागल्या होत्या. सरपंच म्हणाले, "सर, लांडग्यावर बोला. सगळं गाव बसवतो." सरांनी हो म्हणायच्या आधी स्कूटरची किल्ली शोधायला घेतली होती.

गाव खरंच बसलं. मंदिरासमोर माझ्या खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं पारावर, भिंतीवर. सर त्या संध्याकाळी असे बोलले की मलाही काम सुचेना. शिकार करून आलेला नर पिल्लांपुढं पोटातलं मांस कसं ओकतो, मागच्या वर्षीची थोरली भावंडं धाकट्यांना कशी सांभाळतात, हे त्यांनी गुडघ्यावर बसून, तोंड पुढं करून, पिल्लांसारखं कण्हून दाखवलं. कुणी हसलं नाही. तिथंच मला खटकायला हवं होतं, आणि खटकलंही. मग मथुराबाई उठल्या. त्यांच्या दोन शेळ्या गेल्या होत्या, आणि घरात शेळ्यांशिवाय दुसरं दुभतं नव्हतं.

"सर, लांडगा लई गुणाचा हाय म्हणता. मग माझ्या शेळ्या कुणी खाल्ल्या, सशानं?"

"लांडग्यानंच खाल्ल्या, ताई," सर म्हणाले. "तुमचं नुकसान खरं आहे. पंचनाम्याला मी स्वतः तुमच्याबरोबर येतो. पण एक करा. मारलेलं जनावर उचलून पुरू नका, तिथंच राहू द्या. पंचनाम्यालाही ते लागतं. आणि लांडगा अर्धवट खाल्लेल्याकडं परत येतो. ते मिळालं नाही की त्याला दुसरी शेळी मारावी लागते."

आणि मग प्रश्न सुरू झाले. सरांनी आयुष्यभर वाट बघितलेले प्रश्न.

"परत येतो म्हंजी त्याच दिशी का दुसऱ्या?"

"एकटा येतो का समदी येत्यात?"

"माणसाचा हात लागल्याला वास त्याला कळतो व्हय?"

"वारं कुण्या अंगाला असलं म्हंजी येत न्हाय?"

सर एकेका प्रश्नाला वाकून उत्तर देत होते. हात लागला तर वास कळतो, म्हणून शिवू नका. वाऱ्याच्या उलट बाजूनं येतो. बहुधा सगळं कुटुंब येतं, पिल्लांसाठी पोटात भरून नेतं. त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या.

टेम्पोत मी सांगितलं. "सर, जो मालाला नावं ठेवतो तो घेणार असतो. जो नुसत्या माना डोलावतो तो घेणार नसतो. पण जो नावंही ठेवत नाही, मानही डोलावत नाही, माल चालतो कसा एवढंच विचारतो, त्याचं काहीतरी आधीच ठरलेलं असतं. ह्या गावाचं काहीतरी ठरलंय."

सर माझ्यावर पहिल्यांदाच रागावले. "मालक, तुम्हाला सगळीकडं गिऱ्हाईकच दिसतं. ते विद्यार्थी होते."

काही दिवसांनी निरोप आला, लांडग्यानं मथुराबाईंची आणखी एक शेळी मारली, पण गावानं हात लावला नाही, तिथंच ठेवली. सर पेढे घेऊन दुकानात आले. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, मंडपाचे बांबू मोजायला आलेल्यालासुद्धा, त्यांनी पेढा दिला. "ऐकलं हो त्यांनी! उचलली नाही शेळी!" पंचनाम्याला जायला ते निघालेही, तर सरपंचांचा फोन आला, घाई करू नका सर, आता दोन दिवसांनी तुमचा सत्कारच ठेवलाय.

सत्काराला शाल होती, श्रीफळ होतं, फेटा होता. आम्ही पाराशी पोचलो तशी तेरखेड्याच्या फटाक्यांची लांबच लांब माळ लागली. सर कानांवर हात ठेवून म्हणाले, "अहो, बंद करा, दरीत पिल्लं आहेत, बुजतील." शेजारचा माणूस हसला. मला वाटलं, फेट्यातल्या सरांच्या अवताराला हसला असेल.

मग सरपंच माईकवर उभे राहिले. माझ्याच माईकवर. मनापासून बोलत होते, हे मला आजही मान्य करावं लागतं. म्हणाले, "आजवर कितीबार औषध ठिवलं, पण जनावर शिवायचं न्हाय. आपण हातानं शेळी हलवायचो, हितंच चुकत हुतो. सरांनी इद्या दिली. शेळी हलवली न्हाय, वारं बघितलं, लांब काठीनं औषध लावलं. एका दिसात दरीतली चारी लांडगी गेली. सर, तुमचं उपकार गाव इसरणार न्हाय."

टाळ्या पडल्या. सर शाल अंगावर घेऊन उभे होते. त्यांना आधी कळलंच नसावं, कारण टाळ्या संपेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर सत्काराचं हसू तसंच होतं. मग ते माईकपाशी गेले आणि एवढंच विचारलं, "पिल्लं? पिल्लांचं काय झालं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, फराळाचं घ्या." मथुराबाई पुढच्या ओळीत होत्या. खाली बघत म्हणाल्या, "म्या औषध लावलं न्हाय, सर. शेळी ठिव म्हणले, ठिवली." आणि उठून गेल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. तिसरी शेळी गेलेल्या बाईनं लांडग्यासाठी रडावं, असं मी म्हणणार नाही.

माझा राग सरपंचांवर. मी त्यांची गचांडी धरायचीच बाकी ठेवली. "मास्तरला गोड बोलून लुटलंत," मी म्हणालो. सरपंच शांतपणे म्हणाले, "आमी काय चोरून इचारलं व्हय? माईकवर इचारलं. तुमच्याच माईकवर, समद्या गावाम्होरं. त्यांनी सांगितलं. ह्यात फसवणूक कुठं आली?" आणखी काही बोलायच्या आत सरांनी माझा दंड धरला आणि मला टेम्पोकडं नेलं. शाल त्यांनी खांद्यावरून काढली नव्हती. थंडी होती म्हणून असेल.

त्यानंतर सर दुकानात येतात, खुर्चीवर बसतात, चहा घेतात. व्याख्यान नाही. दहाव्यालाही जात नाहीत. परवा जवळच्या शाळेच्या बाई आल्या, मुलांना पक्ष्यांबद्दल सांगाल का म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी साधंच विचारलं, "सर, घार घरटं कुठं बांधते हो?" सरांनी कप खाली ठेवला. बाईंकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "कशाला हवंय तुम्हाला?" बाई गोंधळल्या, जरा बसून निघून गेल्या. हे वाक्य माझं आहे. माझ्या धंद्यातलं. समोरच्याच्या पोटात काय आहे हे चाचपण्यासाठी मी ते दिवसातून कितीतरी वेळा वापरतो. सरांच्या तोंडी ते मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायची माझी तयारी नव्हती.

म्हणून हे लिहितो आहे. सरपंच, औषध कुणी लावलं ते मी विचारत नाही, लावणाऱ्याला जे व्हायचं ते होईल. तुम्ही आणि तुमच्या गावानं विचारलेल्या एकूण एक प्रश्नाला या माणसानं उत्तर दिलं, काहीही राखून न ठेवता. त्यांनी तुम्हाला एकच विचारलं होतं. दरीत तुमच्यापैकी कुणीतरी उतरलं असणार, जाळीत डोकावलं असणार. ती पिल्लं उपाशी मेली, कुत्र्यांनी नेली, का एखादं कुठं जगलं? जे झालं असेल ते. वाईट असलं तरी चालेल, ते प्राणिशास्त्राचे आहेत, ऐकून घेतील. पण खाली या, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसा आणि उत्तर द्या.