शहराच्या पाण्यावरचा वड

दिवसाआडचं पाणी आलं की कौशल्याबाईंच्या घरात कुणाला मान वर करायला फुरसत नसे. एक पिंप भरलं, दुसऱ्यात नळी सोडली, मोरीतल्या बादल्या ओळीनं लावल्या. तेवढ्यात कुकरनं शिट्टी दिली आणि गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या उद्धवरावांना दुसऱ्या चहाची आठवण झाली.

"नळाला चहा आला की देते," कौशल्याबाई आतूनच म्हणाल्या.

इतक्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं माणूस अख्ख्या इमारतीत एकच होतं, खालच्या मजल्यावरच्या गिरजाबाई. मूळच्या मावळातल्या. सत्तरी उलटली तरी आवाज असा, की शेजारच्या इमारतीतल्या बायकांना निरोप वेगळा द्यावा लागत नसे.

"कौशल्ये, तुझा वड वड न्हाई!"

"सकाळी सकाळी काय गं?"

"बागंत पाटी लागलीया. न्यासवाल्यांनी समद्या झाडांना नावं लावलीत. आपल्या वडाला लिवलंय, नांदरूक! परवा वटपौर्णिमा, अन् बाया तितं गोळा झाल्यात. समद्या म्हनत्यात, कौशल्याबाईंना बोलवा."

कौशल्याबाईंच्या हातातली नळी पिंपाबाहेर गेली ते त्यांना पायावर पाणी पडल्यावर कळलं.

गॅलरीतला पेपर खाली आला. "म्हणजे इतकी वर्षं तू भलत्याच झाडाला सात जन्मांचं सांगत होतीस?" उद्धवरावांचा चेहरा उजळला होता. "मग मी सुटलो की!"

"सुटताय कुठं? नळ बंद करा, पिंप भरलंय."

जिना मात्र कौशल्याबाई एकेक पायरी करत सावकाश उतरल्या. कारण त्या झाडाला वड ठरवलं होतं त्यांनीच.

सोलापुरात त्यांचं माहेर मागावर काम करणाऱ्यांच्या दाटीच्या वस्तीत होतं. तिथं झाड औषधालाही नव्हतं. आई वटपौर्णिमेला वडाचं कागदी चित्र भिंतीला चिकटवायची, त्यालाच हळदकुंकू आणि त्यालाच दोरा. लग्न होऊन कौशल्याबाई पिंपरीत आल्या, तेव्हा उद्धवराव कंपनीत नुकते कायम झाले होते. वसाहत नवी, शेजार नवा. कुणी बीडची, कुणी साताऱ्याची, कुणी कोकणातली. वडाला जायचं कुठं, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. वसाहतीच्या बागेत एक थोराड झाड होतं. ते आधीपासून तिथंच उभं होतं आणि बाग त्याच्याभोवती आखलेली. त्याला पारंब्या लोंबत होत्या. चित्रातल्या वडालाही होत्या. झालं, नव्या नवरीनं पदर खोचला आणि पाचसहा जणींना घेऊन फेरे सुरू केले.

तेव्हाही गिरजाबाईच म्हणाल्या होत्या, "अगं, पानं लई बारीक हाईत."

"शहराचं पाणी आहे, पान बारीकच येणार," कौशल्याबाईंनी ठणकावलं होतं.

आणि ते सगळ्यांना पटलं होतं! त्या पाचसहा जणींच्या पुढं पन्नास झाल्या. सुना आल्या, त्यांनाही 'शहराच्या पाण्यावरचा वड' असाच दाखवला गेला. पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहायला गेलेल्या लेकीसुना वटपौर्णिमेला नथ घालून, स्कूटरवर डबे अडकवून इथंच यायच्या.

मधल्या काळात बागेची रया गेली होती. मग शहरातल्या जुन्या बागा सांभाळणारा एक न्यास आला. त्यांनी फाटकावर 'वारसा उद्यान' असं लिहिलं, तेव्हा गिरजाबाई म्हणाल्या होत्या, "वारसा आला म्हंजे आता वाटणीबी येनार." वाटणी आली ती कामाची. दर गुरुवारी दुपारी कौशल्याबाई वसाहतीतल्या बायका घेऊन जायच्या. पालापाचोळा गोळा करायचा, खताचे खड्डे भरायचे, रोपांना पाणी घालायचं, आणि हे सगळं करताना तोंडं अखंड चालू. न्यासाकडे पैसा बेताचा. त्याचे खरे हात म्हणजे या बायका, आणि त्या यायच्या कौशल्याबाईंच्या शब्दावर. आज तो शब्दच एका पाटीनं खोटा पाडला होता.

झाडाखाली कलकलाट चालला होता. मध्ये न्यासाची वर्षाली उभी, वनस्पतिशास्त्र शिकलेली, जेमतेम पंचविशीची. चेहरा रडवेला. तिच्या शेजारी वजीरभाई. त्यांचं भोसरीला वेल्डिंगचं दुकान. बागेतले झोपाळे, घसरगुंड्या तेच दुरुस्त करायचे. स्प्रिंगनं खोडाला पाटी बांधली होती तीही त्यांनीच. हातात पक्कड घेऊन ते हुकमाची वाट बघत होते.

"आजी, आमचं चुकलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. वजीरभाई पाटी काढतील," वर्षाली घाईघाईनं म्हणाली.

"दिघीच्या रस्त्याला खरा वड आहे," एक सून म्हणाली. "आपण रिक्षा करून तिकडेच जाऊ. आणि पुढच्या वर्षीपण तिकडेच."

"मग गुरुवारी इथं कोण येणार?" कुणीतरी विचारलं.

वर्षालीनं मान खाली घातली.

कौशल्याबाई झाडापाशी गेल्या. एक पान तोडलं, तळहातावर ठेवलं. बोटभर. आईनं चिकटवलेल्या त्या कागदी वडाची पानं कशी होती, ते काही केल्या आठवेना.

"पोरी, नक्की नांदरूकच ना?"

"हो आजी. वडाच्याच कुळातलं आहे. चुलत भाऊ म्हणा हवं तर."

"चुलत भावाला नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगत होतो व्हय आपन!" गिरजाबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हशा पिकला.

कौशल्याबाई गर्रकन वळल्या. "तू हसू नकोस. तुला आधीपासून माहीत होतं ना?"

"व्हय. माज्या बापाच्या बांधावर नांदरूकच व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की पयल्याच वर्षी! तू माज्या तोंडावर शहराचं पानी मारलंस!"

"आणि मग माहीत असून दरवर्षी फेरे घालत राहिलीस?"

गिरजाबाईंनी कमरेवरचे हात खाली सोडले. "मंग काय करू? नवी वसाहत, वळखीचं कुनी न्हाई. त्या दिवशी समद्या जणी हितं भेटायच्या. झाड मोजायला थोडीच येत व्हते मी?"

कौशल्याबाईंना पोटातून हसू आलं, असं, की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. त्यांच्या पाठोपाठ सगळ्याच हसत सुटल्या. वजीरभाई शिष्टाचार म्हणून पकडीकडे बघत हसले.

"बायांनो, झाड चुकलेलं नाही, मी चुकले," हसू ओसरल्यावर कौशल्याबाई म्हणाल्या. "ज्यांना दिघीच्या वडाला जायचंय त्यांनी खुशाल जा. मी पण सकाळी येईन तुमच्याबरोबर. पुढच्या जन्मांचं तिथं सांगू. पण हा जन्म याच्या सावलीत गेलाय. दुपारी दोऱ्याचं दुसरं रीळ घेऊन मी इथं येणार."

"आणि आंब्याची डाळ?" साताऱ्याच्या इंदुताईंनी विचारलं. "ती कुठल्या झाडाखाली खायची?"

"इथंच! दिघीच्या रस्त्यावर धुळीत खाणारेस का?"

एवढ्यावर प्रश्न मिटला. कोण पन्हं आणणार, कुणाची स्कूटर आधी निघणार, यावर चर्चा घसरली. रिक्षा सुचवणारी सून आता दोन रिक्षांचा हिशेब करत होती, जायचाही आणि परत यायचाही.

वर्षाली हळूच पुढं आली. "आजी, तरीपण पाटी काढू का? सणाच्या दिवशी कुणाला खटकायला नको."

"छे! इतकी वर्षं भलत्याच नावानं हाक मारली, तरी बिचारं ओ देत राहिलं. आता कुठं त्याला त्याचं नाव मिळालंय." कौशल्याबाईंनी पाटीवरून हात फिरवला. ती कमरेच्या उंचीवर होती. फेरे घालताना दोरा नेमका तिथंच बसतो.

त्यांनी वजीरभाईंकडे पाहिलं.

"भाईजान, एवढं एकच काम करा. पाटी हातभर वर बांधा, म्हणजे आमच्या दोऱ्याखाली नाव झाकलं जाणार नाही."