बडबड चालू, बडबड बंद

सातारा-सांगली एसटीत माझ्या वाट्याला कायम चाकावरचंच सीट का येतं, याची एकदा निःपक्षपाती चौकशी व्हायला हवी. गेल्या महिन्यात गुडघे हनुवटीला टेकवून मी तीनदा सांगलीला गेलो... आणि तिन्ही वेळा काहीही न करता परत आलो.

झालं असं की, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे एक अडते आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला मी कम्प्युटर जोडून दिला. हमाल शंकरमामांनी पोतं काट्यावर टाकायचं, वजनं लिहिणाऱ्या सुनंदाताईंनी एक बटण दाबायचं, की वजनाची चिठ्ठी छापून बाहेर. माझाच मला अभिमान वाटत होता.

मग माल घेणाऱ्याची तक्रार आली. त्याच्या काट्यावर काही पोती हलकी भरतात. सगळी नाही, काहीच... आणि संशय कुणावर? कम्प्युटरवर अर्थातच नाही. सुनंदाताई शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन वजन फुगवतात, अशी कुजबुज सुरू झाली.

अण्णा ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा... यापेक्षा दोन शिव्या बऱ्या.

मी गेलो की मात्र प्रत्येक पोतं चोख. ताई म्हणाल्या, "सर, तुमी आला की ह्यो लय शाण्यासारखा वागतो बघा. पाव्हणं आल्यावर पोरं वागत्यात तसा." आणि नेहमीसारखा भडंगाचा पुडा माझ्या पिशवीत कोंबला. मी नेहमीसारखं म्हटलं, पुढच्या खेपेला कंदी पेढे आणतो. विसरलो, तेही नेहमीसारखंच.

खरी अडचण अशी, की माझे प्रोग्रॅम फार मितभाषी असतात. काम झालं की 'झाले' म्हणतात आणि गप्प बसतात. आत काय शिजतंय याचा पत्ता लागू देत नाहीत. बायकोच्या मते हा दोष थेट जन्मदात्याकडून आलेला आहे.

तेव्हा चौथ्यांदा चाकावर बसण्याऐवजी मी घरी बसून प्रोग्रॅमला बोलायला तोंड दिलं. सेटिंगमध्ये एक चौकोन टाकला, नाव दिलं 'बडबड'. टिक केली की प्रोग्रॅम बोलायला लागणार... काट्यानं काय आकडा पाठवला, मग काय पाठवला, बटण कधी दाबलं, त्यातलं नोंदलं काय. टिक काढली की चिडीचूप. अशी सोय माझ्या काही नातेवाइकांत असती, तर मी लग्नकार्यांना नियमित गेलो असतो.

परवा सकाळी ताईंना फोन करून टिक करायला सांगितली. त्यांची स्क्रीन मला साताऱ्यात दिसत होती, फोन स्पीकरवर होता. ओळी पळायला लागल्या... पन्नास किलो, पन्नास किलो, पन्नास किलो. आणि एकदम फोनमध्ये 'थप्प'. स्क्रीनवर बावन्न. बटण दाबलं. बावन्नच नोंदलं. आणि पुढच्या ओळीत पुन्हा साळसूदपणे पन्नास.

"ताई, आत्ता आवाज कसला झाला?"

"कसला न्हाई सर. मामांनी पोत्याला चापट मारली."

"कशाला?"

"पोतं नीट बसलं म्हणून. कायमचंच हाय त्यांचं. चापट ऐकली की मी बटण दाबती."

"मग मी असतो तेव्हा का नाही मारत?"

आता मामाच फोनवर आले. "आवं सायेब, तुमी म्होरंच बसल्यालं असता. चापट मारली की हळद उडती. तुमचा पांढरा शर्ट, कसं करायचं?"

"आणि अण्णांचा शर्ट?"

"त्यो मुळात पांढरा व्हता, ह्येच कुणाला ठावं न्हाई."

मागून अण्णांचं हसू ऐकू आलं. म्हणजे ऐकत होते.

पूर्वी ताई काट्यावरचा आकडा डोळ्यांनी बघून लिहायच्या. तेवढ्या वेळात काटा थांबलेला असायचा. माझ्या प्रोग्रॅमला तेवढा धीर नव्हता... बटण चापटीबरोबरच पडलं की चापटीसकट वजन गिळून मोकळा; क्षणभर उशिरा पडलं, तरच वजन बरोबर. आता आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, एवढं त्याला शिकवलं. मामांच्या सवयीला हात लावला नाही.

ताईंनी नंतर सांगितलं, अण्णांनी त्यांच्या समोरच माल घेणाऱ्याला फोन लावला. "चूक मशीनची व्हती. माझ्या माणसांची न्हाई." मग शेजारची खुर्ची उचलली आणि स्वतःच्या हातानं मागं नेऊन ठेवली.

आज पुन्हा सांगलीला आलो. काम काहीच नव्हतं... सीट चाकावरचंच होतं. ताई जेवायला गेल्या होत्या, म्हणून कंदी पेढ्यांचा बॉक्स मामांच्या हातात दिला आणि ताईंच्या टेबलावर ठेवायला सांगितला.

मामांनी तो नीट मधोमध ठेवला... आणि वर हलकेच एक चापट मारली.