बुधरीने धरलेला हात

बुधरीला कोणी वाढदिवस विचारला की ती हसायची. ज्या साली बांबूला फुलोरा आला आणि उंदरांनी कोठीतलं धान खाल्लं, त्या साली ती जन्मली, एवढंच तिची आई सांगायची. सूरजागडच्या डोंगराखालच्या वीस घरांच्या गावात याहून जास्त कोणाला लागतही नव्हतं.

पण रेला म्हणावी तर बुधरीनंच. फेर धरून गात नाचायचं, ती रेला. तिनं सूर लावला की कामाला आळशी बायकासुद्धा पदर खोचून उभ्या राहत. गावाची एक रीत होती. ज्याच्या घरचा आनंद, त्याचा हात पहिल्या कडव्याला धरायचा आणि त्याला फेरात घ्यायचं. घरधनी फेरात आल्याशिवाय दुसरं कडवं निघत नसे. नुसतं बघत बसायला तिथं कोणी नसायचंच. डोळे गेलेली म्हातारीसुद्धा भिंतीला टेकून टाळी धरायची.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, लच्छूनं, घराचे दोन खांब कुजले म्हणून सागाची दोन झाडं तोडली. जंगलखात्याच्या नाकेदारानं गाडी अडवली आणि बैलजोडी नेऊन लाकडाच्या डेपोत बांधली. मिरग आठ दिवसांवर आला होता. बैल नाहीत तर धान नाही, हे सांगायला पंडित लागत नाही. लच्छू रोज सहा कोस चालून जायचा, रेंजरसाहेबाच्या व्हरांड्याखाली उभा राहायचा आणि परत यायचा. त्याचे बैल साहेबाच्या बंगल्याची पाण्याची टाकी ओढत होते, हे त्याला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

मग एके दिवशी नाकेदारच गावात आला. साहेबाच्या मुलीचा पाचवा वाढदिवस आहे, चांद्याहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांना आदिवासी नाच पाहायचाय. बाया आणल्या तर साहेब बैलांचं बघतील. लच्छूनं मान खाली घातली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! बुधरीनं मात्र वेगळाच अर्थ घेतला. पोरीच्या आनंदाला बोलावलंय, म्हणजे माणूस काही अगदीच दगड नाही, असं तिला वाटलं. तिनं बारा बाया गोळा केल्या आणि पोरीसाठी चारोळ्यांची पुडी बांधून घेतली.

बंगल्यावर थाट होता. चांद्याहून केक आला होता, पुरी-बासुंदी होती, मटण शिजत होतं. आलापल्लीहून भाड्यानं आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ जनरेटरवर चालू होता. बायांना कुंपणाशी बसवलं, तिथूनच त्यांनी जन्मात पहिल्यांदा पिक्चर पाहिला. पडद्यावर एक बाई एकटीच नाचत होती आणि कोट घातलेले पन्नास पुरुष पेले धरून बसले होते. बुधरी शेजारच्या सोमारीला म्हणाली, "हिच्या घरचे कुठी गेले वं? हिले कोनी हात काऊन देऊन नाई राह्यलं?"

पिक्चर संपल्यावर पाहुणे स्वतःच थोडे डिस्को नाचले. बायका बायकांत, पुरुष पुरुषांत, हसत-लाजत. ते बघून बुधरीला धीर आला. नाचतात की ही माणसं! मग खुर्च्या मांडल्या, मोठे साहेब मधे बसले आणि यांना बोलावणं आलं.

बुधरीनं सूर लावला. असा लागला की आत जेवण वाढणारा स्वयंपाकीही पळी घेऊन बाहेर आला. पहिलं कडवं झालं. तिनं फेर खुर्च्यांपर्यंत नेला आणि रीतीप्रमाणे, पोरीची आई म्हणून, मॅडमचा हात धरला.

मॅडमनं तो असा ओढून घेतला, जणू विस्तवाला लागला. मग सगळ्यांसमोर पदरानं पुसला, एकदा पुसून भागलं नाही म्हणून दुसऱ्यांदा पुसला. मोठे साहेब हसले. रेंजरचा चेहरा काळाठिक्कर पडला. बुधरी हात तसाच पुढे धरून उभी. दुसरं कडवं कसं काढायचं तिला कळेना. ते निघालंच नाही. बायांना पत्रावळीवर उरलेल्या पुऱ्या मिळाल्या, चारोळ्यांची पुडी तिच्या ओटीतच राहिली. दुसऱ्या दिवशी नाकेदार लच्छूला म्हणाला, "तुझ्या बायकोनं मॅडमचा हात धरला, आता बैल इसर."

त्या साली त्यांनी दुसऱ्याचे बैल मागून, उशिरा, अर्ध्या बांधीत धान लावलं. पुढच्या उन्हाळ्यात तोच वाढदिवस, तेच बोलावणं. बुधरी गेली. काय करणार! या खेपेला तिनं बायांना खुर्च्यांकडे तोंड करून एका ओळीत उभं केलं, हात कोणाकडे नेला नाही, डोळाही नेला नाही. यजमान बाहेर ठेवून तिनं दुसरं कडवं म्हटलं, तिसरंही म्हटलं. साहेब खूश झाला. म्हणाला, "अब सीख गई." लच्छूला बैल सोडून नेण्याची परवानगी मिळाली. एकच होता. दुसरा माघातच टाकी ओढता ओढता मेला होता, आणि ते कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

सत्याऐंशीच्या चैतात बुधरीच्या लेकीचं, कलाबाईचं लग्न झालं. बुधरी आता घरधनीण, म्हणून सोमारीनं सूर लावला. पहिलं कडवं झालं, फेर तिच्या दारापाशी आला आणि सोमारीनं हसत तिचा हात धरला.

बुधरीनं हात ओढून घेतला. घेतला आणि पदरानं पुसला. आपण काय केलं हे तिचं तिलाच नंतर कळलं, तेव्हा ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "तुमी नाचा," ती म्हणाली, "मी इथी बसून पायतो."

बाया तिच्यासाठी थांबून राहिल्या. कलाबाई हळदीच्या अंगानं आईजवळ आली, "माय, चाल ना," म्हणाली. बुधरी जागची हलली नाही. लेकीच्या लग्नात दुसरं कडवं कोणी म्हटलं नाही.