फार दिसतंय का?

माझी लेक मुक्ता सुट्टीला आली की माझ्या आरशाखालच्या खणावर धाड टाकते. काल ती एकेक डबी, बाटली उघडून हुंगत बसली होती. काजळ सुकलेलं, फाउंडेशनवर तेल तरंगतंय. सगळं गेलं कचऱ्यात. मग तिच्या हाती एक विटकरी लिपस्टिक लागली. "शी! खवट वास येतोय, आई. ओठ सुजतील तुझे."

ती माझी नव्हतीच. माझ्या आईची होती. आई गेल्यावर तिच्या पर्समधून मी उचलून आणली होती.

आई लिपस्टिक लावायची ती फक्त लग्नकार्याला. मन लावून लावायची आणि लगेच रुमालाने जवळजवळ सगळी पुसून टाकायची. मग माझ्यासमोर उभी राहून विचारायची, "फार दिसतंय का गं?" खरं तर काहीच दिसायचं नाही. आणि नुसत्या लग्नकार्यांनी ती कांडी संपणार कशी! तिच्या तिरप्या झिजलेल्या टोकावर आईच्या ओठांचा उतार अजून तसाच होता. वस्तू खराब झाली हे नाकाला कळतं. टाकायची वेळ झाली, हे मात्र कशाने कळायचं?

"टाकू?" मुक्ताने विचारलं.

"टाक," मी म्हणाले. नुसत्या वासाला किती दिवस जपायचं?

संध्याकाळी आम्ही दोघी एका लग्नाला निघालो. मुक्ताने तिची नवी लिपस्टिक माझ्या हातात दिली. मी लावली. हात आपसूक रुमालाकडे गेला, आणि ओठ पुसत मी तिच्याकडे वळले.

"फार दिसतंय का गं?"