मधली आळी कुठल्या गावची

वजीर मुल्ला यांनी चौतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली. साहेब झाडाखाली नकाशा पसरून बसायचे, आणि साखळीचं पुढचं टोक धरून बांधाबांधानं चालायचं काम वजीरचाचांचं. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना सोडत नव्हते. सरकारी मोजणीची तारीख यायला वर्ष जातं. चाचा आले की देवळाच्या कोपऱ्यापासून पावलं टाकत निघायचे, एका जागी थांबायचे आणि म्हणायचे, "इथं उकरा." तिथं बहुतेकदा दगड निघायचा, न निघाला तरी ती जागा हद्द ठरायची. बांधावरून भांडणारे भाऊ-भाऊ गप्प बसायचे. उमरगा तालुक्याच्या या टोकाला तरी वजीरचाचांनी दाखवलेली हद्द कुणी मोडली नाही.

माझं मुरुमला वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी चाचा येऊन बाकड्यावर टेकतात. ही हकीकत त्यांनी मला एका बैठकीत सांगितली नाही. तीन-चार बाजारांत, तुकड्यातुकड्यानं सांगितली. दर वेळी मधेच थांबून म्हणायचे, "हितं माझं डोकं चालत न्हाय."

चाचांचं गाव हत्तरवाडी. गावाच्या पूर्वेला नाला आहे आणि नाल्यापलीकडं कर्नाटक, असं कुणीही सांगेल. पण नाले दोन आहेत. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका पुरात नाल्यानं वाट बदलली आणि तो गावाच्या जवळून वाहू लागला. जुना नाला कोरडा पडून त्यात बाभळी माजल्या. दोन्हींच्या मधे जी जमीन उरली तिथं हळूहळू अकरा घरं झाली. तिला मधली आळी म्हणतात. आळीतल्या कुणाचं रेशन इकडं, कुणाचं मतदान तिकडं. एकाच घरातला थोरला मराठी शाळेत गेला आणि धाकटी कानडी. कुणाला कधी अडचण आली नाही, म्हणून कुणी कधी विचारलंही नाही की ही आळी नेमकी कुणाची.

विचारायची वेळ आली ती दोन हजार वीसच्या जूनमध्ये. पुण्याहून परतलेला एक माणूस हत्तरवाडीत पॉझिटिव्ह निघाला. दुसऱ्या दिवशी वरून आदेश आला. गाव प्रतिबंधित क्षेत्र, अठ्ठावीस दिवस कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. खाली चारी बाजू लिहिलेल्या, खरेदीखतात लिहितात तशा. उत्तरेस डांबरी रस्ता, दक्षिणेस पाझर तलाव, पश्चिमेस मारुती मंदिर, पूर्वेस नाला.

तलाठी राजेश्वरी मॅडम गावाला नवीन होत्या. त्यांनी पूर्वेला जो नाला डोळ्यांनी दिसला त्याच्या फरशी-पुलावर बांबू बांधून घेतले. त्याच संध्याकाळी पलीकडच्या बाजूनं जेसीबी आलं आणि जुन्या नाल्याजवळ रस्त्यावर मुरमाचा ढीग टाकून गेलं. राज्याची हद्द बंद. मधल्या आळीला आता ना इकडं वाट राहिली ना तिकडं.

गावात निदान घरपोच दूध-किराणा येत होता. आशाताई रोज दारात येऊन ताप बघायच्या, बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावायच्या. मधल्या आळीत कुणीच येत नव्हतं. आळीतल्या बसप्पानं रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला तेव्हा तिकडून विचारलं, गाव कुठलं? हत्तरवाडी, मधली आळी म्हटल्यावर ते म्हणाले, तुमची आळी यादीत नाही. मग पलीकडच्या दवाखान्यात फोन केला. त्यांनी आधार कार्डावरचा पत्ता विचारला. पत्ता महाराष्ट्रातला निघाला.

बसप्पानं फोन केला होता त्याच्या आईसाठी, नागूबाईंसाठी. सत्तरीच्या पुढच्या. तीन दिवस ताप, आणि आता बोलताना दम लागत होता.

चौथ्या दिवशी सकाळी राजेश्वरी मॅडम वजीरचाचांच्या दारात आल्या. तोंडाला मास्क, हातात गावनकाशाची झेरॉक्स. चाचांच्या बायको बिबीजान यांनी खुर्ची अंगणात लांब ठेवली.

"चाचा, नकाशात एकच नाला आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याचं वळण इथल्या दोन्ही नाल्यांशी जुळत नाही. आळी आपल्या शिवारात येते असं मला लिहून देता आलं तर आदेशात दुरुस्ती होईल. पण कशाच्या आधारावर लिहू?"

"शिवेचा दगड हाय की," चाचा म्हणाले. "सत्त्याऐंशीला आमी त्याला चुना मारलाय. चिंचेखाली. चला, दावतो."

बिबीजान आतून म्हणाल्या, "तुमचं वय काय, तुम्ही कुठं निघाला?"

"दगड दावून येतो. अर्धा तास."

बांबू वाकवून ते फरशी ओलांडून गेले. आळीतली माणसं आपापल्या उंबऱ्यात उभी होती. चाचांना बघून सगळ्यांना बरं वाटलं. आता काय ते ठरेल. पण चिंच नव्हती. ती कधीच पडली होती. कुणी म्हणालं आळीतल्याच उत्तरेश्वरच्या गोठ्याजवळ होती, कुणी म्हणालं नागूबाईंच्या घरामागं. दोन जागांत सहा घरांचं अंतर.

चाचा म्हणाले, झाडाचं कशाला, मी पावलांनी काढतो. ते मारुतीच्या देवळाच्या कोपऱ्यापर्यंत परत गेले आणि तिथून चालत आले. चारशे बारा पावलं हा आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता. चारशे बारावं पाऊल नव्या नाल्याच्या पाण्यातच पडलं. त्यांना वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा गेले, पुन्हा आले. या खेपेला काठावर आले, तरी आळीच्या अलीकडंच.

मला हे सांगताना चाचांनी स्वतःच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "पाऊल आखडलंय माझं. साठीनंतर माणसाचं पाऊल आखडतं, हे मला ठाऊक न्हवतं का? होतं की. पण मी निवृत्त झाल्यावर सात वर्षं लोकांना त्याच पावलानं बांध दावत फिरलो. आता ते समदे बांध बरोबर का चूक, कुणाला विचारू?"

त्यांनी दोन्ही जागी उकरायला लावलं. गोठ्याजवळ काही निघालं नाही. नागूबाईंच्या घरामागंही काही निघालं नाही. मात्र तिथं न्हाणीपाशी कपडे धुवायचा एक काळा दगड होता. चाचा वाकले. एका अंगाला छिन्नीनं काढलेली फुली अजून दिसत होती.

"नागूअक्का, ह्यो दगड कुठला?"

नागूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "ह्यांनी आणला. घर बांधताना. तिकडं पडला व्हता."

"तिकडं म्हंजी कुठं?"

त्यांनी हात उचलला. हात जुन्या नाल्याकडं गेला, मग थोडा फिरला, आणि खाली पडला. "वजीरा, मला काय ठावं," त्या म्हणाल्या. "चांगला सपाट व्हता."

दगड मिळाला होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. जागेवरून हललेल्या दगडाला कोण विचारतं.

तोवर उत्तरेश्वर जवळ आला. चाळिशीतला माणूस, मधल्या पट्ट्यात त्याची दीड एकर भेंडी होती. तो चाचांना बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, आमाला गावात धरू नका. गावात धरलं की महिनाभर दारात बसवतील. आज निदान रानात तरी जाता येतंय. भेंडी दिवसाआड तोडावी लागती, तुमाला ठाऊक हाय. पलीकडचा येपारी ढिगाऱ्यावरून माल उचलतोय. सत्यभामा अन् म्या, नवरा-बायको दोघंच तोडतोय, कुणाच्या जवळ जात न्हाय."

बसप्पा ओसरीवर होता. तो आईच्या पाठीशी उशी लावत होता. आशाताई मॅडमसोबत आल्या होत्या. त्यांनी नागूबाईंच्या बोटाला मशीन लावलं आणि मॅडमकडं बघितलं. आकडा शहाऐंशी होता.

राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "चाचा, तुम्ही नुसतं बोट दाखवा. पंचनामा मी लिहिते. पाच पंच सह्या करतील. तुमच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही."

"मला ठाऊक न्हाय," चाचा म्हणाले.

कुणाला ऐकू आलं नाही, किंवा मास्कमुळं नीट कळलं नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं, "कुठं होता दगड?"

चाचांनी आळीकडं पाहिलं. अकरा घरांतली माणसं त्यांच्या बोटाकडं बघत होती. मग त्यांनी हात वर केला आणि जुन्या नाल्याच्या बाभळी दाखवल्या. "तिथं," ते म्हणाले. "जुन्या नाल्याच्या काठाला. आळी समदी आपल्यात येती."

पंचनामा झाला. अकरा घरं प्रतिबंधित क्षेत्रात आली. बांबू नव्या नाल्यावरून निघून जुन्या नाल्यावर गेले. दुपारी दोनच्या आत गाडी आली आणि नागूबाईंना उमरग्याला घेऊन गेली. बसप्पानं जाताना चाचांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. चाचा मागं सरकले.

तिसऱ्या दिवशी मधल्या आळीतल्या सगळ्यांना तपासणीसाठी शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. आता ते गावात होते, म्हणून गावाच्या रांगेत उभे राहिले. रांग मोठी होती, ऊन होतं, सावलीला सगळे एका बाजूला दाटले. आठवड्यानं आळीत तिघं पॉझिटिव्ह निघाले. त्यात उत्तरेश्वरची बायको सत्यभामा होती. बेचाळीस वर्षांची, दिवसाआड पाच-सहा तास वाकून भेंडी तोडणारी बाई. तिलाही उमरग्याला नेलं, तिथून सोलापूरला. अकराव्या दिवशी ती गेली. उत्तरेश्वरला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

नागूबाई एकोणीस दिवसांनी घरी आल्या. काठी टेकत, पण चालत. त्या अजून आहेत.

सत्यभामाला कुठून लागण झाली? आळीत आधीच नागूबाई आजारी होत्या, तिथून झाली असेल. शाळेच्या रांगेत झाली असेल. ढिगाऱ्यावरून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याकडून आली असेल. चाचांनी हे सगळं माझ्यापुढं कितीदा मांडलं. मी म्हणायचो, "चाचा, तुम्ही एक जीव वाचवला." ते म्हणायचे, "व्हय." मग म्हणायचे, "अन् दुसरा?" मी म्हणायचो, त्यात तुमचा काय दोष? ते म्हणायचे, "तेच तर. दोष असता तर मी धरून बसलो असतो. नसता तर सोडून दिलं असतं. हितं हाय का न्हाय तेच कळंना."

बिबीजाननी त्यांना सांगितलं होतं की उत्तरेश्वरकडं जाऊन या, नुसतं बसून या. चाचा सहा महिने गेले नाहीत. एकदा अर्ध्या वाटेवरून परत आले. शेवटी उत्तरेश्वरच त्यांच्याकडं आला. थंडीचे दिवस होते, सकाळची वेळ. चाचा अंगणात उन्हाला बसले होते. तो समोर टेकला, इकडचंतिकडचं बोलला, आणि मग विचारलं, "चाचा, एक सांगा. दगड खरंच तिथं व्हता का?"

चाचा म्हणाले, "उत्तरेश्वर, मला ठाऊक न्हाय. तवाही ठाऊक न्हवतं. अक्काचा दम बघितला अन् हात तिकडं गेला."

उत्तरेश्वर चिडला नाही. रडलाही नाही. म्हणाला, "मला वाटलं व्हतं तुमी हो म्हणाल, न्हायतर न्हाय म्हणाल."

"दोन्हीतलं एक म्हणावं असं मलाबी लई वाटलं."

बिबीजाननी चहा आणला. उत्तरेश्वरनं तो घेतला. मग म्हणाला, "त्या जागी मी असतो तर मीबी हात तिकडंच केला असता का, ह्यो विचार करतो म्या." आणि उठून गेला. त्या जागी म्हणजे नागूबाईंच्या, का चाचांच्याच, हे चाचांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

गेल्या वर्षी मोजणीची माणसं मशीन घेऊन हत्तरवाडीत आली. दोन दिवस होती. तिपायावरच्या दुर्बिणीतून बघायची, आणि आता साखळी ओढायला माणूस लागत नाही. चाचा लांबून बघत होते, कुणी बोलावलं नाही, तेही पुढं झाले नाहीत. निकाल काय लागला म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, आपल्या नकाशाप्रमाणं आळी आपली. पलीकडच्या नकाशाप्रमाणं सात घरं त्यांची. दोन्ही राज्यांचे साहेब एकत्र बसून ठरवतील असं सांगून गेलेत. अजून बसलेले नाहीत.

चाचांनी बांध दाखवायला जाणं बंद केलंय. कुणी गळ घातलीच तर म्हणतात, सरकारी मोजणीला अर्ज करा. लोकांना वाटतं, वय झालं. परवा बाजारात एका शेतकऱ्यानं त्यांना माझ्याच दुकानात गाठलं आणि हात जोडून म्हणाला, नुसतं येऊन उभं राहा, तुम्ही दिसलात तरी भाऊ ऐकंल. चाचा नाही म्हणाले. तो माणूस गेल्यावर मला म्हणाले, "गेलो असतो तर बरं झालं असतं का?"

गिऱ्हाईक आलं होतं, मी त्याला वही काढून दिली.