ज्यांना पेढे वाटले, त्यांच्यासाठी टूवूंबाहून

ब्रिस्बेनच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या माझे कंदी पेढे गेले. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायचे नाहीत म्हणे. माझ्या लेकीने, मुग्धाने, फोनवर चारदा बजावलं होतं, पण मी कसली ऐकतेय! हातमोजे घातलेल्या पोरीने मी साताऱ्याहून जपून आणलेला डबा उचलला, ‘सॉरी, डार्लिंग’ म्हणाली आणि सरळ पेटीत टाकला. विमानात भरलेल्या कागदावर खरं लिहिलं होतं म्हणून दंड तरी टळला. माझा जीव मात्र घाट चढेपर्यंत चुटपुटत होता.

घाट म्हणजे टूवूंबाचा. ब्रिस्बेनहून दोन तास सपाट रस्ता, मग डोंगर चढला की वर हे गाव, लाल मातीचं. माती बघून मला महाबळेश्वर आठवलं, पण तिथली गर्दी इथे औषधालाही नाही. मुग्धा इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, एकटीच राहते. ती शिफ्टला गेली की मी आणि चार भिंती. बस येते म्हणतात. मी दोनदा थांबून पाहिलं, आली नाही.

माझी सुटका शेजारच्या रूताने केली. ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करते. हसरी, धिप्पाड बाई, केसांत कायम एक फूल. मुग्धाच्या मैत्रिणींचं ऐकून तीही मला ‘आंटी’ म्हणायची आणि गाडीत घालून भाजीला न्यायची. आमचं संभाषण इंग्रजीत, तिचं बेटावरचं, माझं शाळेतलं.

“तू कुठली गं?” मी विचारलं.

“किरिबास. पॅसिफिकमधली बेटं. नकाशात समुद्रच दिसतो, आम्ही दिसत नाही.”

सव्वीस वर्षं भूगोल शिकवला, आणि या देशाचं नाव एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं. लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तिने ‘बोताकी’चं (सगळ्यांनी जमून जेवायचं) आमंत्रण दिलं. टूवूंबात राहणारी किरिबासची कुटुंबं चर्चच्या हॉलमध्ये जमणार होती. त्यांचा देश एवढासा, पण अणुबॉम्बवर बंदी घालणाऱ्या करारावर सही करून मोकळा झालाय. ऑस्ट्रेलियाने अजून केलेली नाही. ती करावी म्हणून सगळ्यांनी मिळून इथल्या खासदाराला पत्र लिहायचं होतं.

“आंटी, एक सांगून ठेवते,” रूता म्हणाली. “आमच्यात पाहुणा आधी जेवतो आणि मग त्याला उभं राहून बोलावंच लागतं. माझी आई लहान असताना आमच्या बेटावर इंग्रजांनी बॉम्बच्या चाचण्या केल्या, मग अमेरिकनांनी. ज्यांच्या देशात बॉम्ब आहे, त्यांना ती एकच प्रश्न विचारते. तो केला तेव्हा तू काय केलंस?”

तिथे जाऊच नये, असं मला वाटून गेलं.

कारण मी काय केलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. अठ्ठ्याण्णव साली वाळवंटात आपली अणुचाचणी झाली तो मे महिना होता, शाळेला सुट्टी. मी पेढे आणले आणि आमच्या गल्लीत दारोदार वाटले. “आता बघा म्हणावं!” असं प्रत्येक दारात म्हणाले होते. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला मुग्धाच्या बारशालाही झाला नसेल.

“आई, पीस-बीस बोल आणि बस खाली. नो वरीज!” मुग्धाने तोडगा काढला. मी गांधीजी, बुद्ध, वसुधैव कुटुम्बकम् अशी चार वाक्यं घोकली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मिल्क पावडर भाजून पेढेही वळले. आपल्याला सवय दुसरी कुठली!

हॉलमध्ये केतकीच्या पातीसारख्या पानांच्या विणलेल्या चटया. “मौरी!” (नमस्कार) म्हणत सगळ्यांनी हात हातात घेतला. रूताची आई, नेई मारिया (बाईच्या नावाआधी मानाने ‘नेई’ लावतात), मधोमध बसली होती. वाळलेली काया आणि मोठे काळे डोळे. नारळाच्या दुधातला मासा, भात, भोपळा. सगळे बसून राहिले, आणि आधी जेवलो आम्ही दोघी, मुग्धा आणि मी.

मग मी उभी राहिले. गांधीजींपर्यंत आले, आणि नेई मारियांनी हात वर केला. रूताने त्यांचा प्रश्न इंग्रजीत केला. तोच.

मुग्धा माझा पदर ओढत होती. सांगता आलं असतं, मी साधी शिक्षिका, मला काय कळतंय. पण त्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की थाप मारायची हिंमत झाली नाही.

“मी मिठाई वाटली,” मी म्हणाले. “हीच. घरोघरी जाऊन.”

रूताने ते आईला सांगितलं. आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

नेई मारियांनी डब्यातला एक पेढा उचलला, सावकाश खाल्ला आणि बोलू लागल्या.

“आम्हालाही चाचणीच्या दिवशी गोड गोळ्या वाटल्या होत्या. सैनिकांनी. जाड कापडाखाली बसवलं, डोळ्यांवर मुठी दाबायला लावल्या. तरी उजेड आत आला. नंतर किनाऱ्यावर आंधळे झालेले पक्षी आपटत होते. माझा भाऊ ते गोळा करत फिरला, खिशात गोळ्या. तो पुढे मोठा झालाच नाही. कशाने गेला, ते कुणी लिहून ठेवलं नाही.”

मला रडू आवरेना. “आमचे शेजारी देश...” असं काहीतरी मी बोलू गेले. त्यांनी माझा हात धरला.

“भांडायला नाही बोलावलं तुला. तू दारं ओळखतेस ना? मग घरी गेलीस की ज्यांना मिठाई दिलीस, त्यांना माझंही सांग.”

“सांगते,” मी म्हणाले. त्यांनी उरलेला डबा पोरांकडे सरकवला आणि गाणी सुरू झाली.

साताऱ्याला येऊन महिना झाला. आपण चाचणी करायला नको होती का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. सीमेपलीकडचे आपले शेजारी मला माहीत आहेत. पण शब्द दिला होता. पहिल्या दारात जोशी म्हणाले, “बाई, लेकीकडे जाऊन डोकं फिरलं तुमचं!” दुसऱ्या दारात शोभाताईंनी सगळं ऐकलं, चहा गार होऊ दिला आणि एवढंच विचारलं, “भावाचं नाव काय होतं हो?” मी विचारलंच नव्हतं. रूताला फोन केला. तेराओई. शोभाताईंना जाऊन सांगून आले.

बाकीची दारं बदलली. कुणी पुण्याला गेलं, कुणी कुठे, पत्ते माझ्याकडे नाहीत. म्हणून हे लिहिलं. त्या मे महिन्यात तुम्ही माझ्या हातून पेढा घेतला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. त्याचं नाव तेराओई होतं.